फुटलाइटच्या पन्हळीतलं पाणी

गेल्या ऑक्टोबरातल्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी आठच्या सुमाराला, नगरपरिषदेच्या सभागृहात एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईंना सगळ्यांदेखत खोटं पाडलं गेलं. त्या म्हणाल्या होत्या, "त्या छतातून आजवर पाण्याचा थेंब आलेला नाही." ते खरं होतं. सभागृहातल्या पाच मराठी माणसांना ते खरं आहे हे माहीत होतं. चार गप्प बसली. पाचवीचा माइक बंद होता. पाचवी मी.

बाई म्हणजे किल्ल्यांच्या आजी. हे नाव आमच्या मराठी मंडळातल्या पोरांनी ठेवलेलं. न्यू जर्सीत, आयसेलिनच्या ओक ट्री रोडपासून गाडीनं अर्ध्या तासावर, नदीकाठच्या एका जुन्या गिरण्यांच्या गावात, इटालियन मजुरांनी बांधलेलं एक छोटं नाट्यगृह आहे. त्याच्या किल्ल्या आजींच्या कमरेला असतात. आधी त्या त्यांच्या वडिलांच्या कमरेला होत्या, आणि छताचा गिलावा त्यांच्या आजोबांच्या हातचा. आमच्या मंडळाची नाटकं कित्येक वर्षं तिथे झाली. पुढे शाळांचे नवे हॉल मिळायला लागले, मोठं पार्किंग मिळायला लागलं, आणि आम्ही ते गाव सोडलं. निरोपाचा कार्यक्रम वगैरे काही केला नाही. पुढच्या वर्षी बुकिंग केलं नाही, एवढंच.

मी नागपूरहून इथे आले तेव्हा दहा वर्षांची होते. शाळेत माझ्या इंग्रजीला हसायचे आणि मंडळात माझ्या "करून राहिली"ला. नाटकात मात्र मला लगेच घेतलं, कारण मला पाठांतर होतं. बालनाट्यात मी पोपट होते. हिरव्या कागदाचे पंख लावून मी पडद्यामागे उभी होते, आणि त्या दिवशी मला त्या पडद्यातली माणसं पहिल्यांदा दिसली.

तो पडदा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इटलीतलं त्या मजुरांचं मूळ गाव डोंगरावरचं, मूठभर घरांचं. पण त्या गावाला नाट्यगृह होतं. घोड्याच्या नालासारखं वळलेलं, एकावर एक तीन मजले सज्जांचे, प्रत्येक सज्जा म्हणजे दार असलेली एक खोली, आणि प्रत्येक दारावर एका खानदानाचं नाव. ज्यांनी भिंती उचलल्या आणि गिलावा केला त्यांना सगळ्यात वर, छताला डोकं टेकेल अशा माळ्यावर उभं राहायची मुभा होती. त्या माळ्याचा जिना मागच्या गल्लीतून. कशासाठी? मजुराचा खांदा मालकिणीच्या रेशमाला लागू नये म्हणून. आजी हे सांगताना हसायच्या. मला अकराव्या वर्षीही हसू आलं नव्हतं.

तीच माणसं इथल्या गिरण्यांत आली आणि त्यांनी रविवारी रविवारी खपून स्वतःचं नाट्यगृह बांधलं. तोच नाल, तेच तीन मजले. पण जिना एकच, समोरून, सगळ्यांना. सज्जांच्या दारांवर नावं नाहीत. दर रविवारी चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जो सज्जा येईल त्यानं तिथे बसायचं. मी पुढे भाडेकरूंच्या हक्कांसाठी पत्रकं लिहायला लागले, सभा घ्यायला लागले. समतेवर एवढं स्वच्छ वाक्य मला कधी लिहिता आलं नाही, जेवढं त्यांनी त्या एका जिन्यात लिहून ठेवलंय.

आणि छत. तिकडे असली छतं वेताच्या काड्यांची करतात: लाकडी कमानींना काड्यांच्या चटया ठोकायच्या आणि त्यावर खालून गिलावा चढवायचा. हलकं, आणि आवाजाला तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं. इथे वेत कुठला? त्यांनी नदीच्या दलदलीतल्या बोरूसारख्या काड्या कापून आणल्या. न्यू जर्सीच्या टर्नपाइक महामार्गावरून जाताना दुतर्फा ज्या काड्या डुलताना दिसतात, त्याच. त्या छताखाली रंगमंचावर कुजबुजलं तरी शेवटच्या सज्जात ऐकू जातं.

आता पडदा. त्यावर त्या डोंगरावरच्या गावाचा चौक रंगवला आहे. कारंजं, चर्च, आणि चौकात उभी असलेली बांधणारी माणसं, खरोखरीच्या चेहऱ्यांची. सगळी प्रेक्षकांकडे तोंड करून. एक सोडून. कारंज्याजवळचा एक माणूस पाठमोरा आहे. छताचं काम चालू असताना तो परांचीवरून पडला आणि गेला. नाट्यगृह उघडलं तेव्हा तो नव्हता. म्हणून पडदा रंगवणाऱ्यानं त्याला रंगमंचाकडे तोंड करून उभं केलं. आजींचा तो चुलत आजोबा. "त्याला नाटक बघायचंय," आजी म्हणायच्या, "प्रेक्षक कशाला बघेल तो?"

म्हणजे तो आमच्याकडे बघतो.

प्रेक्षागृहातले दिवे लागलेले असले की पडद्याच्या मागून ती सगळी माणसं सावल्यांसारखी उमटतात. मी पोपटाचे पंख धरून उभी होते आणि एक सावली माझ्यासमोर, माझ्याकडे तोंड केलेली. चेहरा नाही. पण ती बघत होती. दुसरी घंटा झाली. मी नाटकवाल्या काकांचा हात धरला.

नाटकवाले काका म्हणजे आमच्या मंडळाची सगळी नाटकं बसवणारा माणूस. दिवसा कॉम्प्युटरवर काम, संध्याकाळी लोकांच्या बेसमेंटमध्ये तालमी. तीन वर्षांपूर्वी गेले. मी त्यांना म्हटलं, "काका, तो माणूस बघतोय."

"बघणारच," काका म्हणाले. "घर त्याचं आहे. नमस्कार कर."

"इंग्लिशमध्ये करू?"

"नमस्काराला भाषा लागते का गं? पोपट आहेस ना? वाकून दाखव."

मी वाकले. मग काकांनी नेहमीचं केलं. पडदा बंद असताना रंगमंचाच्या पुढच्या काठाशी उदबत्ती लावली, नारळाला हळदकुंकू लावलं, रंगदेवतेला नमस्कार केला, आणि नारळ फोडला.

कशावर फोडला, हे आता सांगते, कारण सगळं त्यावर आहे.

नारळ फोडायला दगड लागतो. पुण्यात, मुंबईत, नागपुरात कुठल्याही नाट्यगृहाच्या विंगेत एक दगड पडलेला असतो. इथे दगड कोण आणणार? रंगमंचाच्या काठाला लोखंडी पन्हळ आहे. जुन्या काळचे, नटाच्या पायांशी लागायचे ते दिवे, फुटलाइट, त्या पन्हळीत बसवलेले असायचे. तिचा काठ नारळाला एकदम बरोबर. पहिल्या वर्षी काकांनी त्यावर फोडला आणि ती पद्धत पडली. पाणी पन्हळीत सांडायचं. पन्हळीला तारा ओवायला भोकं आहेत. त्यातून ते फळ्यांखाली उतरायचं. नाटकात कुणी घसरू नये म्हणून कमिटीतले दोघं-तिघं वर रबरी मॅट अंथरायचे, आणि ती मॅट पुढच्या नाटकापर्यंत तशीच राहायची. दर नाटकाला एक नारळ. दिवाळी, गुढीपाडवा, गणपती, एकांकिका. नारळामागून नारळ. आम्ही श्रद्धेनं, नियमानं, हौसेनं, त्या घराच्या लाकडात पाणी मुरवत होतो.

काकांचा दुसरा एक नियम होता. मेकअपच्या खोलीत कुणी "आज पडणार नाटक" असं म्हटलं की ते ओरडायचे, "थोबाड सांभाळ! वास्तू तथास्तु म्हणते!" अमेरिकेत जन्मलेल्या पोरांना ते फार आवडायचं. "द बिल्डिंग सेज ओके!" असं ती एकमेकांना सांगायची. आजींना हे कळलं तेव्हापासून त्याही दार उघडताना आत पाऊल टाकण्याआधी काहीतरी चांगलं बोलायच्या. हवा छान आहे, एवढं तरी.

ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी वास्तूबद्दल काय काय बोललं गेलं ते मी ऐकलं.

एका बिल्डरला ती जागा हवी आहे. अपार्टमेंट, खाली कॉफीचं दुकान, छतावर कुत्र्यांना फिरवायची बाग. त्यानं नेमलेला इंजिनिअर आला होता. लोकांनी आधी बोलायचं, तज्ज्ञानं नंतर, असा क्रम. माणशी तीन मिनिटं. माझी तीन मिनिटं मी मजूर, जिना, इतिहास आणि लोभ यांवर खर्च केली, टाळ्याही मिळाल्या. मग दिवे मंद झाले आणि भिंतीवर फोटो आला.

रंगमंचाचा पुढचा काठ. मॅट काढलेली. मधोमध काळी पडलेली, खचलेली फळी, आणि भोवती विटकरी लाल डाग.

"वरून पाणी, खाली कूज," इंजिनिअर म्हणाला. "हा लाल रंग बुरशीचा. छत झिरपतंय. काड्यांवरचा गिलावा आहे, तो भिजला की इशारा देत नाही. हे छत कोसळणार आहे. कधी, एवढाच प्रश्न."

मी खुर्चीतून उठले. तो लाल रंग मी ओळखला होता. बुरशी! ते कुंकू होतं. मी माइकपाशी गेले आणि म्हणाले, "हा डाग..." माइकचा दिवा विझलेला होता. अध्यक्ष म्हणाले, "मिस, तुमची वेळ संपली आहे." मी माइकशिवाय ओरडले. मला दाराकडे नेण्यात आलं. दारातून मी मागे बघितलं. मंडळाच्या कमिटीचे चौघं तिसऱ्या रांगेत बसले होते. मीच आग्रह करून आणले होते त्यांना, संख्या दिसावी म्हणून. चौघांचे डोळे फोटोवर. मग खजिनदार काकांनी फोन काढला आणि त्यात बघू लागले.

अध्यक्षांनी किल्ल्यांच्या आजींना विचारलं, "मॅडम, छत गळतं का?"

"त्या छतातून आजवर पाण्याचा थेंब आलेला नाही."

"मग हा डाग कशाचा?"

आजींनी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सांगता येणार नाही."

मागून कुणीतरी हसलं. अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, वय झालं की लक्षात राहत नाही, त्यात आपला दोष नसतो. त्या मऊ आवाजानं मला जेवढा संताप आला तेवढा इंजिनिअरनं आणला नव्हता. आजी पर्स उघडून आत बघत राहिल्या, जणू उत्तर तिथे ठेवलंय.

निर्णय पुढे ढकलला गेला. पार्किंगमध्ये मी कमिटीला गाठलं.

"काका, तुम्ही ओळखलंत की नाही?"

"काय ओळखलं?" खजिनदार काका गाडीचं दार उघडत म्हणाले.

"कुंकू!"

"हळू बोल. हे बघ बेटा, तू चळवळवाली आहेस, तुला ठीक आहे. लायबिलिटी म्हणजे काय कळतं का? उद्या मंडळावर केस ठोकली तर गणपती कुठे बसवायचा, तुझ्या अपार्टमेंटमध्ये?"

"बसवा की. नारळ मात्र बाहेर फोडा."

सेक्रेटरी काकू मध्ये पडल्या. "अगं, तुला काय ओरडायचंय ते ओरड, पण माझं बघ ना. माझ्या मुलाचं ग्रीन कार्ड अजून लटकलंय. आपण कुठेही साइन करायचं नाही, कुठेही उभं राहून बोलायचं नाही, असं लॉयरनं सांगितलंय. शेवटी आपण इथे पाहुणे."

ती भीती खरी होती, आजही आहे. पण खजिनदार काकांना नागरिकत्व मिळालं तेव्हा मी शाळेत होते.

"काका, तुम्हीही पाहुणेच का? एवढ्या वर्षांचे?"

"आणि जो माणूस गेला," काका एकदम कडक होऊन म्हणाले, "त्याचं नाव मातीत घालणार तू? त्यानं तुला स्टेजवर उभं केलं."

गाड्या गेल्या. मला माझ्या मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटत राहिलं, आणि मी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाट्यगृहात गेले. आजींनी दार उघडलं, "आज ऊन छान आहे," म्हणाल्या, आणि मला आत घेतलं. मी म्हटलं, "आजी, तो डाग..."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षापासून."

पहिल्या वर्षी फटकन आवाज आला म्हणून त्या धावत रंगमंचावर आल्या होत्या. त्यांना वाटलं काहीतरी कोसळलं. नाटकवाल्या काकांनी त्यांच्या हातावर खोबरं आणि गूळ ठेवला आणि मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, हे ज्यांनी बांधलं त्यांच्यासाठी, आणि जे इथे राहतात त्यांच्यासाठी. आजींनी विचारलं, पडलेल्या माणसासाठीसुद्धा? काका म्हणाले, त्याच्यासाठी आधी. "आमची माणसं छत पुरं झालं की वाइन ओतायची," आजी मला म्हणाल्या. "इतक्या वर्षांत त्याच्यासाठी कुणी काही ओतलं नव्हतं. मी कशी नको म्हणू?"

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही माझ्या घरी आलेले पाहुणे. पाहुण्यांकडे बोट दाखवायचं नसतं." मग थोडं थांबून, "मला वाटलं, तिसऱ्या रांगेतून कुणीतरी उठेल."

त्यांनी मला रंगमंचाखालचं बुटकं दार उघडून दिलं. मी टॉर्च घेऊन आत शिरले. वरून हाताच्या पंजाएवढा दिसणारा डाग खालून परातीएवढा होता. पाणी वरून आलं असतं तर फळी वरून कुजली असती. ही खालून कुजली आहे, पन्हळीच्या भोकांभोवती. इंजिनिअर खाली गेलाच नव्हता. आजी म्हणतात, तो लबाड नाही, घाईत होता. मी तेवढी उदार नाही. पन्हळीत मी बोट घातलं तर नारळाच्या शेंड्या निघाल्या, कुंकवाची खपली निघाली, आणि करवंटीचा एक चपटा तुकडा. फक्त त्या फळ्या बदलल्या की झालं. बाकी घर ठणठणीत आहे.

मग आजी म्हणाल्या, "आता वर जा. माझे गुडघे येत नाहीत." छताच्या वरच्या पोकळीत जायला शिडी आहे. मी वर चढले. त्या घुमटाची वरची बाजू, काड्यांच्या चटया, त्यांच्या फटींतून वर आलेला गिलावा. कोरडं. बोट फिरवलं की कोरडी धूळ. तो वर आलेला गिलावा काड्यांवर दाबून बसवताना उमटलेले अंगठे तिथे तसेच आहेत, शेकड्यांनी. एका कमानीपर्यंत रुंद, जाड अंगठा. त्या कमानीपुढे तो नाही. पुढे दुसराच, बारीक. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मी त्या शेवटच्या रुंद ठशात माझा अंगठा ठेवला. तो त्यात हरवून गेला.

तेवढ्यात कानाशी आवाज आला, अगदी कानाशी, श्वासासकट: "कोरडं आहे ना?"

मी किंचाळले. खाली, रंगमंचाच्या मधोमध उभ्या राहून आजी कुजबुजल्या होत्या. ते छत असं आहे.

"कोरडं आहे," मी म्हटलं.

"पडणार नाही," आजी खाली कुजबुजल्या. मला नाही, घराला. आणि थांबल्या. मीही श्वास धरून थांबले. दूर कुठेतरी एक काडी वाजली, वाऱ्यानं असेल. आजी समाधानानं "हं" म्हणाल्या, आणि मला खालून नाटकवाल्या काकांचा खोकला ऐकू आला असं वाटलं, तिसऱ्या घंटेआधी यायचा तसा. उतरताना मी पडद्यामागे गेले. दिवे लागलेले होते. पाठमोरा माणूस होता तिथेच होता, माझ्याकडे तोंड करून. मी वाकून नमस्कार केला.

मी नगरपरिषदेच्या कचेरीत गेले. शेंड्या दाखवल्या, फोटो दाखवले, छत पाहायला या म्हटलं. तिथल्या वकिलानं शांतपणे सांगितलं: मोहीम चालवणाऱ्या बाईनं स्वतःच शोधलेला पुरावा हा पुरावा नव्हे. शेंड्या कुणीही ठेवेल. ज्यांनी ते पाणी सांडलं, ज्यांनी ते सांडताना पाहिलं, त्यांनी येऊन शपथेवर सांगितलं तर ऐकावं लागेल, आणि मग दुसरा इंजिनिअर छताच्या वर आणि रंगमंचाच्या खाली पाठवावा लागेल. आजी तर म्हणतातच, "तू नको सांगूस. ज्यांनी फोडला त्यांनी सांगावं."

काकांचं नाव मातीत जाईल म्हणता? मातीत जाईल ते घर, ज्याला त्यांनी प्रत्येक नाटकाआधी नमस्कार केला. ढिगाऱ्यात तो पडदा जाईल आणि तो पाठमोरा माणूस दुसऱ्यांदा पडेल. आणि नोंद अशी राहील, की छत गळत होतं आणि म्हातारीला आठवत नव्हतं.

मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी पुन्हा सुनावणी आहे. त्याच सभागृहात, संध्याकाळी. ज्यांचे कागद अजून अडकलेत त्यांना मी बोलवत नाही. त्यांनी घरी राहावं. बाकीच्यांना बोलवते. त्या रंगमंचावर तुम्ही नारळ फोडला असेल, फुटताना पाहिला असेल, हातावर खोबरं घेतलं असेल, त्या रबरी मॅटचं एक टोक धरलं असेल, तर या. दारात नाव नोंदवा. तीन मिनिटं मिळतात, माझ्यासारखी भाषणात घालवू नका. आजी पहिल्या रांगेत असतील. त्यांच्याकडे बघा आणि माइकमध्ये सांगा: पाणी आमचं होतं.